न्यू जर्सीच्या पाइन बॅरन्समधील दलदली, नद्या आणि वनस्पती

रानोमाळ

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींची अटलांटिक सिटीची वारी पाहुण्यांच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी होतेच. परंतु त्या वारीत गार्डन स्टेट पार्कवेच्या दोन्ही अंगांना जे बुटके, काळपट हिरवे, एकसुरी रान दिसत राहते, त्यात उतरून पाहिलेली माणसे मला फार थोडी भेटली. त्या रानाला पाइन बॅरन्स म्हणतात. राज्याच्या दक्षिण भागातील सुमारे ११ लाख एकर प्रदेश अमेरिकी काँग्रेसने १९७८ मध्ये 'पाइनलँड्स नॅशनल रिझर्व्ह' म्हणून घोषित केला. देशातील अशा प्रकारचे ते पहिलेच राखीव क्षेत्र, आणि तेही देशातील सर्वांत दाट वस्तीच्या राज्यात. १९६० च्या दशकात याच रानाच्या मधोमध प्रचंड विमानतळ आणि त्याला लागून नवे शहर वसवण्याची योजना होती, हे लक्षात घेतले म्हणजे आज ते शिल्लक आहे याचेच नवल वाटते.

मला मुख्यतः एकच मुद्दा मांडायचा आहे. हे रान नापीक आहे म्हणूनच ते असे आहे, आणि त्याला राखायचे असेल तर त्याला नापीकच ठेवावे लागेल. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी इथे गहू-मका पेरून पाहिला, तो हाती लागला नाही आणि त्यांनी 'बॅरन' म्हणून या भूमीवर फुली मारली. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच होते. हिमयुगातील हिमनद्या राज्याच्या उत्तर भागात येऊन थांबल्या, त्यामुळे त्यांनी सोडलेली सकस माती इथवर पोहोचलीच नाही. इथे आहे ती वाळू, आणि तीही शंभर नंबरी. पाऊस पडला की पाणी तिच्यातून सरळ खाली उतरते, जाताना उरलीसुरली पोषकद्रव्ये धुऊन नेते आणि 'किर्कवूड-कोहॅन्सी' नावाच्या जलधरात साठते. या जलधरात सुमारे १७ लाख कोटी गॅलन पाणी असल्याचे सांगितले जाते. म्हणजे वर माती कोरडी, आणि पायाखाली अक्षरशः सरोवर!

जिथे जमीन थोडी खोलगट होते, तिथे हे भूजल आपण होऊन वर येते आणि दलदल तयार होते. दलदलीतून पाझर सुटतात आणि पाझरांच्या नद्या होतात. मलिका, बॅट्स्टो, वेडिंग, ऑस्वेगो, ग्रेट एग हार्बर, सीडर क्रीक या साऱ्या नद्या अशा खालून भरणाऱ्या आहेत. त्यामुळे त्यांना एकाएकी पूर येत नाही आणि उन्हाळ्यातही त्या सहसा आटत नाहीत. पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते घाण वाटते, परंतु ओंजळीत घेतले तर ते स्वच्छ, पारदर्शक असते. रंग सीडरच्या आणि कुजलेल्या पानांतील टॅनिनचा आणि विरघळलेल्या लोहाचा असतो. या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४ ते ४.५ भरतो. इतक्या आंबट पाण्यात बाहेरचे फारसे कोणी तग धरत नाही, आणि जे धरतात त्यांनी हे राज्य आपसांत वाटून घेतलेले आहे.

कोरड्या उंचवट्यावर पिच पाइन, ओक आणि गुडघाभर उंचीची हकलबेरी असते. तिथून दोन-तीन फूट खाली उतरले की दृश्य पूर्ण बदलते. नदीकाठी अटलांटिक व्हाइट सीडरची सरळसोट झाडे इतकी खेटून उभी असतात की भर दुपारी आत सावली दाटलेली असते. पाय ठेवायला जमीन अशी नसतेच; सीडरच्या मुळांभोवती तयार झालेले उंचवटे आणि त्यांच्या मधल्या पाण्यावर पसरलेले स्फॅग्नम शेवाळ, इतकेच असते. स्फॅग्नम स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते आणि भोवतीचे पाणी आणखी आम्लधर्मी करत जाते. याचा अर्थ असा की दलदल ही निव्वळ पाणी साचल्याने झालेली जागा नव्हे. ती टिकवण्याचे काम हे शेवाळ अहोरात्र करत असते.

या शेवाळात, सीडरची सावली जिथे विरळ होते तिथे, घटपर्णी सापडते. आपल्याकडे अभ्यासक्रमात शिकलेली मेघालयातली वेलीसारखी घटपर्णी ही नव्हे. ही सारासेनिया जमिनीलगत बसते. तिचे घट टम्म फुगलेले, हिरव्यावर जांभळ्या शिरांचे आणि वर तोंड करून उघडे असतात, त्यामुळे पावसाचे पाणी त्यांत साचते. घटाच्या ओठावर बोट फिरवले तर खाली वळलेले ताठ केस स्पष्ट जाणवतात: आत जाताना गुळगुळीत, बाहेर येताना खरखरीत. आत डोकावले तर बहुतेक वेळा मुंग्या आणि माश्यांचे अवशेष दिसतात, आणि त्याच पाण्यात बारीक, पारदर्शक अळ्या वळवळताना दिसतात. 'वायोमिया स्मिथी' नावाच्या डासाच्या त्या अळ्या. हा डास आपली अंडी या घटांतच घालतो, अळ्या तिथल्या कुजक्यावर वाढतात आणि हिवाळ्यात घटातील बर्फासोबत गोठून वसंतात पुन्हा हालचाल करू लागतात. झाडाला याचा त्रास होत नाही, उलट अळ्यांनी बारीक केलेले अन्न त्याला शोषून घेता येते. मे अखेर ते जून या काळात घटांपासून बरेच उंच, लांब देठावर लालसर, खाली झुकलेले फूल येते. परागीभवन करणारा कीटक आपल्याच पोटात जाऊ नये याची ही सोय असावी, असे मला वाटते.

घटपर्णीच्या शेजारीच दवबिंदूच्या, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडणाऱ्या वनस्पतीच्या, तीन जाती पाहता येतात. गोल पानाची, चमच्यासारख्या पानाची आणि दोऱ्यासारख्या उभ्या पानाची. तिसरी, ड्रॉसेरा फिलिफॉर्मिस, उघड्या ओल्या वाळूवर झुबक्यांनी उगवते. त्याखेरीज जूनमध्ये पिवळे बॉग ॲस्फोडेल आणि गुलाबी पोगोनिया ऑर्किड फुलते. एप्रिल-मेमध्ये सीडरच्या सावलीत स्वॅम्प पिंकचे तुरे येतात. ही वनस्पती १९८८ पासून केंद्र सरकारच्या संकटग्रस्त यादीत आहे. आणि डोळ्यांत तेल घालून शोधणाऱ्यांसाठी कर्ली ग्रास फर्न आहे. गवताच्या वाळलेल्या, कुरळ्या पात्यासारखे दिसणारे हे बोटभर उंचीचे नेचे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बॅट्स्टो नदीवरील क्वेकर ब्रिजजवळ वनस्पतिशास्त्रज्ञांना सापडले आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या वनस्पतीप्रेमी त्यासाठी तिथे गुडघे टेकत आले आहेत.

ज्यांनी हे रान पाहिले आहे त्यांनी भर घालावी, ही विनंती.

सातारचा_वाटसरू

रानोमाळ, लेख आवडला. मी पाइन बॅरन्स पाहिलेले नाही, परंतु कासच्या पठारावर अनेक वर्षे जात असल्याने वाचताना पदोपदी ओळखीची नावे भेटत गेली आणि त्याविषयी लिहावेसे वाटले.

कासला जांभ्यावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा असतो आणि सह्याद्रीचा पाऊस तोही धुऊन काढतो. नत्र नाही, स्फुरद नाही, आणि पाणी मात्र भरपूर, अशी तिथली परिस्थिती आहे. म्हणूनच सप्टेंबरमध्ये पठारावर जो निळा-जांभळा गालिचा पसरलेला दिसतो त्यात सीतेची आसवं मोठ्या संख्येने असते, आणि ती युट्रिक्युलारिया, म्हणजे कीटकभक्षीच आहे. पर्यटक फुलांची छायाचित्रे घेतात; सापळे मात्र ओल्या मातीत पुरलेले असतात. मोहरीहून लहान पिशव्यांतून झाड पाणी बाहेर टाकत राहते, त्यामुळे आत पोकळी तयार होते, आणि दाराच्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच दार उघडून तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सारे सेकंदाच्या एका अगदी लहान अंशात घडते. दवबिंदूही कासला आहेच.

आणखी एक साम्य तुमच्या लेखात राहून गेले आहे. कासच्या ओल्या जागी पांढऱ्या गोल डोक्यांचा जो गेंद फुलतो, त्याच एरिओकॉलॉन गणातील जाती पाइन बॅरन्सच्या तळ्यांच्या काठीही आहेत. तीच गोष्ट झायरिस या गवतासारख्या, पिवळ्या फुलांच्या वनस्पतीची. दोन खंडांत, वेगळ्या हवामानात, परंतु त्याच प्रकारच्या उपाशी जमिनीवर तेच गण जमलेले दिसतात.

फरक मात्र मोठा आहे. कास चार महिने ओले आणि आठ महिने रखरखीत असते, त्यामुळे तिथला दवबिंदू एका पावसाळ्यात जगून बी टाकून संपतो. तुमच्याकडील दलदल बारमाही आहे, तेव्हा तिथले दवबिंदू बहुवर्षायू असावेत असा माझा तर्क आहे.

रानोमाळ

तर्क अचूक आहे. इथले दवबिंदू हिवाळ्यापूर्वी पाने गुंडाळून घट्ट कळीसारखे होतात आणि थंडी तशीच काढतात. गेंदाचे साम्य माझ्याकडून खरोखरच राहून गेले होते, आभारी आहे.

दोन_पोरांची_आई

धागा वाचून उत्सुकता वाटली, पण प्रश्न व्यवहारातले आहेत. सात आणि दहा वर्षांच्या मुलांना घेऊन गेल्यास दलदलीत न रुतता हे कुठे पाहता येईल? नदीतून जाण्यासाठी पोहता येणे आवश्यक आहे का? आणि गोचीड, साप यांचे काय? एडिसनहून एका दिवसात जाऊन येणे जमेल का?

रानोमाळ

ताई, एका दिवसात आरामात जमेल. एडिसनहून साधारण दीड तासाचा रस्ता आहे.

दलदल पाहण्यासाठी मी सर्वप्रथम वेब्स मिल बॉग सुचवेन. रस्ता क्रमांक ५३९ च्या अगदी कडेला ही लहानशी दलदल आहे आणि तिच्यावरून लाकडी फळ्यांची पायवाट नेलेली आहे. मुलांना पालथे झोपवून फळीच्या कडेवरून खाली पाहू द्या. घटपर्णी, दवबिंदू आणि ॲस्फोडेल हातभर अंतरावर दिसतात. मात्र पायवाट सोडून एकही पाऊल खाली टाकू नका. स्फॅग्नमवर उमटलेला ठसा अनेक महिने तसाच राहतो, आणि ठशाखाली काय चिरडले गेले ते आपल्याला कळतही नाही.

नदीसाठी ऑस्वेगो लेकपासून हॅरिसव्हिलपर्यंतचा टप्पा नवख्यांना चांगला. कयाक आणि कनू भाड्याने देणारे लोक या भागात आहेत आणि ते तुम्हाला वर सोडून खाली घ्यायला येतात. नदी अरुंद आणि संथ असते, बहुतेक ठिकाणी मोठ्या माणसाच्या कमरेइतके पाणी असते, परंतु वळणे सतत येतात आणि पडलेले सीडर आडवे पसरलेले असतात. प्रवाह आपल्याला नेमका त्या फांद्यांत ढकलतो, तेव्हा नावेचे तोंड वळणाच्या आतल्या बाजूला ठेवावे. पोहता येत असो वा नसो, प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. वसंतात पाणी फारच गार असते, म्हणून मुलांना घेऊन जूननंतरच जावे.

गोचिडीची भीती मात्र खरी आहे आणि ती मी कमी करून सांगणार नाही. इथे लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड आहे आणि लोन स्टार गोचीडही विपुल आहे. फिकट रंगाची पूर्ण लांबीची पँट, तिचे टोक मोज्यात खोचलेले, पर्मेथ्रिन फवारलेले बूट, आणि घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे तपासणी, इतके केलेच पाहिजे. नावेतून गेल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. टिंबर रॅटलस्नेक हा विषारी साप या रानात आहे, परंतु तो दुर्मीळ, संरक्षित आणि स्वभावाने बुजरा आहे. दिसला तर दूर उभे राहून पाहावे. जुलैतील चावऱ्या माश्या त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक छळतात.

धातूचा_माणूस

लोहाचा ओझरता उल्लेख झाला, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा पेशा तोच आहे आणि बॅट्स्टो गावाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथले मुख्य आकर्षण जुनी हवेली आहे असे वाटते.

आम्लधर्मी पाणी वाळूतून झिरपताना तिच्यातील लोह विरघळवून घेते. जमिनीखाली प्राणवायू नसल्याने ते विरघळलेलेच राहते. पाझर नदीकाठी उघड्यावर आला की त्याची हवेशी गाठ पडते, लोहावर जगणारे जिवाणू आपले काम सुरू करतात, आणि नारिंगी गाळ काठावर बसू लागतो. हा गाळ वाळूला चिकटून कालांतराने जड, तपकिरी दगड होतो. हेच दलदलीतील लोखंड. खाणीतून काढलेले खनिज संपते, इथले काही दशकांत पुन्हा तयार होत असे. चार्ल्स रीड याने १७६६ मध्ये बॅट्स्टोची भट्टी उभी केली. खनिज नदीतून, कोळसा पाइनचा आणि चुन्यासाठी समुद्रकाठचे शिंपले, असे तिन्ही पदार्थ हाताशी होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्याला इथून तोफगोळे पुरवले गेले. पुढे पेनसिल्व्हेनियातील दगडी कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांपुढे इथल्या भट्ट्यांचा निभाव लागला नाही आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा उद्योग बंद पडला.

नदीकाठच्या साचलेल्या पाण्यावर पुष्कळदा इंद्रधनुषी तवंग दिसतो आणि लोक 'कोणीतरी तेल सांडले' म्हणून हळहळतात. तिथे एक काडी घेऊन तवंग ढवळावा. तेल असेल तर ते काडीभोवती फिरून पुन्हा एकसंध होते. इथला तवंग मात्र काचेसारखा तडकतो आणि त्याचे कोनदार तुकडे वेगवेगळे तरंगत राहतात. ती जिवाणूंनी घडवलेली लोहाची साय आहे, प्रदूषण नव्हे.

शंकासूर

सर्व वाचले. एक गोष्ट खटकते. हे रान इतके मोलाचे आहे, तर दर हिवाळ्यात सरकारी माणसे त्याला स्वतःहून आग का लावतात? गेल्या फेब्रुवारीत रस्त्यावरून जाताना मैलभर धूर पाहिला. आपल्याकडे वणवा विझवण्यासाठी लोक जिवाचे रान करतात आणि इथे तो लावण्यासाठी अधिकारी नेमले आहेत, हे काही मनाला पटत नाही.

निवृत्त_वनपाल

शंकासूर, आमची सारी नोकरी महाराष्ट्रात जाळरेषा घेण्यात आणि वणवे विझवण्यात गेली, त्यामुळे मुलीकडे इथे आल्यावर मलाही पहिल्यांदा हाच धक्का बसला होता. परंतु दोन्ही जंगलांचा स्वभाव वेगळा आहे. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात आणि त्यांत रोपे, अंडी, पिल्ले यांचा संहार होतो. इथला पिच पाइन आगीबरोबरच घडलेला आहे.

त्याचे खोड जवळून पाहा. साल जाड आणि खवल्यांची आहे. सालीखाली सुप्त कळ्या असतात, त्यामुळे जळालेल्या, कोळसा झालेल्या खोडावर काही आठवड्यांत हिरव्या सुयांचे झुबके थेट सालीतून फुटलेले दिसतात. पाइनच्या कुळात असे फार थोड्यांना जमते. शिवाय या रानातील पुष्कळ झाडांचे शंकू राळेने सीलबंद असतात आणि वर्षानुवर्षे तसेच फांदीवर राहतात; आगीच्या उष्णतेने राळ वितळली की बी मोकळे होते आणि नेमके उघड्या, राखेच्या जमिनीवर पडते. रस्ता क्रमांक ७२ च्या परिसरात 'पाइन प्लेन्स' नावाचा हजारो एकरांचा पट्टा आहे. तिथे आगी इतक्या वारंवार येत गेल्या की पूर्ण वाढलेले झाड माणसाच्या खांद्याइतके किंवा थोडे अधिक उंच असते, आणि वरचे खोड कोवळे असले तरी खालचा बुंधा कितीतरी जुना असू शकतो. तिथे उभे राहिले की जंगलाच्या डोक्यावरून क्षितिज दिसते.

आग रोखूनच धरली तर पानगळ साचते, झुडपे माजतात, ओक पाइनला मागे सारतो, आणि मग एखाद्या कोरड्या, वादळी एप्रिलमध्ये जे पेटते ते कोणाच्या आवाक्यात राहत नाही. एप्रिल १९६३ मधील एका शनिवार-रविवारी सुमारे १ लाख ८३ हजार एकर जळाले, माणसे मेली, शेकडो इमारती गेल्या. जून २०२२ मध्ये व्हार्टन स्टेट फॉरेस्टमध्ये मलिका नदीच्या परिसरात सुमारे १५,००० एकर पेटले. हिवाळ्यात जमीन ओली आणि वारा मंद असताना लावलेली नियंत्रित आग पाचोळा आणि झुडपे जाळते, मोठे झाड सोडते. ते धाडस नव्हे, हिशेब आहे. इथली वणवा-सेवा १९०६ पासून काम करते आहे आणि त्या लोकांचा हात बसलेला आहे.

बागाईतदार

ब्लूबेरीचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. आज जगभर दुकानात प्लास्टिकच्या डबीत मिळणारी ब्लूबेरी पहिल्यांदा लागवडीखाली आली ती याच रानात, व्हाइट्सबॉग येथे.

त्यापूर्वी लोक जंगली झुडपे खणून शेतात लावत आणि ती मरत, कारण ज्याला आपण चांगली जमीन म्हणतो ती त्यांना मानवत नाही. केंद्रीय कृषी खात्यातील फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये दाखवून दिले की ब्लूबेरीला आम्लधर्मी, ओलसर जमीनच हवी. ते वाचून क्रॅनबेरी बागायतदार कुटुंबातील एलिझाबेथ व्हाइट यांनी त्यांना आपली जमीन देऊ केली. या बाईंचे चातुर्य असे की रानातली उत्तम झुडपे कुठे आहेत हे शास्त्रज्ञाला नव्हे तर रानातल्या माणसांना ठाऊक असणार, हे त्यांनी ओळखले. त्यांनी गावकऱ्यांना पाच-अष्टमांश इंच भोकाची मोजपट्टी दिली आणि त्या भोकातून पार न होणारी बेरी ज्या झुडपाला लागेल ते दाखवणाऱ्याला पैसे दिले, वर झुडपाला त्याचे नावही दिले. 'रुबेल' ही जात आजही लागवडीत आहे आणि तिचे नाव रूब लीक या शोधणाऱ्यावरून आले आहे. पहिले व्यापारी पीक १९१६ मध्ये निघाले.

क्रॅनबेरीही इथलीच, वेलीसारखी जमिनीवर पसरणारी. ऑक्टोबरमध्ये वाफ्यात पाणी सोडतात, यंत्राने वेली हलवतात, आणि फळात हवेच्या पोकळ्या असल्याने ती तरंगून वर येतात. तो लाल पसारा पाहायला जरूर जावे. मात्र हेही सांगितले पाहिजे की यातील पुष्कळ वाफे सीडरचे दलदली रान तोडून केलेले आहेत. नैसर्गिक दलदलीला ते पर्याय नव्हेत.

नवे_घर

आम्ही अलीकडेच बर्लिंग्टन काउंटीत, पाइनलँड्सच्या हद्दीत घर घेतले. अंगणात हिरवळ काही केल्या धरत नाही. बागकाम करणाऱ्या कंत्राटदाराने वर्षातून दोनदा चुना आणि चार वेळा खत असा कार्यक्रम सुचवला आहे. हा धागा वाचून हात आखडला आहे. एका घराच्या अंगणाने खरोखर फरक पडतो का?

पाणीतपासनीस

पडतो, कारण ते एकच अंगण नसते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

तुमच्या अंगणाखाली वाळू आहे. चिकणमाती खत काही काळ धरून ठेवते. वाळू धरत नाही. तुम्ही टाकलेले नत्र पुढच्या पावसात जलधरात जाते आणि कालांतराने जवळच्या ओढ्यात निघते. चुन्याचेही तसेच. ज्या ओढ्यांच्या पाणलोटात वस्ती आणि शेती वाढली त्यांचा सामू ४.५ वरून ६ च्या पुढे गेलेला आढळतो. पाणी तेव्हाही स्वच्छच दिसते, पिण्यासही योग्य असते. परंतु त्या पाण्यात सर्वत्र आढळणाऱ्या वनस्पती वाढू लागतात आणि इथल्या वनस्पतींना सावलीखाली दाबून टाकतात. बुलफ्रॉग आम्लधर्मी पाण्यात नीट वाढत नाही. सामू वाढला की तो येतो, आणि मग पाइन बॅरन्स ट्री फ्रॉगची खैर नसते. हा पोपटी, अंगावर जांभळी पट्टी असलेला इवलासा बेडूक मे-जूनच्या रात्री नाकात बोलल्यासारखा ओरडतो. त्याचे संरक्षण कोणी भिंत बांधून केलेले नाही. आंबट पाणी हेच त्याचे संरक्षण आहे.

म्हणूनच इथल्या नियमांत सेप्टिक टाकीमुळे जागेच्या हद्दीवरील भूजलात येणाऱ्या नायट्रेटची मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग ठेवली आहे, तर देशात पिण्याच्या पाण्यासाठी ती १० आहे. माणसाला चालणारे पाणी घटपर्णीला चालत नाही, हे कायद्यात उतरलेले मला दुसरीकडे क्वचितच दिसले आहे.

पाण्यावर डोळा ठेवणारे पूर्वीही होते. फिलाडेल्फियाचे उद्योगपती जोसेफ व्हार्टन यांनी १८७६ पासून इथे हजारो एकर जमीन घेतली, ती इथले पाणी फिलाडेल्फियाला विकण्याच्या इराद्याने. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने १८८४ मध्ये राज्याबाहेर पाणी नेण्यास बंदी घातली आणि बेत फसला. तीच जमीन राज्याने १९५० च्या दशकात विकत घेतली, आणि आज ती व्हार्टन स्टेट फॉरेस्ट आहे.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे. कंत्राटदाराला नकार द्या, पाइनच्या सुया पडू द्या, आणि पेनसिल्व्हेनिया सेज, लिटल ब्लूस्टेम गवत, बेअरबेरी यांसारख्या इथल्याच वनस्पती लावा. पाणी घालण्याचा खर्चही वाचेल.

चारचाकी_भटक्या

एक वेगळा सूर लावतो. या रानात शेकडो मैल वाळूचे रस्ते आहेत आणि त्यांतील नेमून दिलेल्या रस्त्यांवरून वाहन नेणे कायदेशीर आहे. आम्ही शिस्तीत जातो, कचरा करत नाही. तरी प्रत्येक निसर्गप्रेमी आमच्याकडे गुन्हेगारासारखा पाहतो.

रानोमाळ

रस्त्यावरून जाण्यास माझा मुळीच विरोध नाही; ते रस्ते नसते तर मीही अर्ध्या ठिकाणी पोहोचलो नसतो. तक्रार आहे ती रस्ता सोडून उथळ तळ्यांत गोल गोल गाडी फिरवणाऱ्यांबद्दल. ही तळी हिवाळ्यात भरतात आणि उन्हाळ्यात आटतात, म्हणून त्यांत मासे नसतात, म्हणून बेडकांची अंडी वाचतात. आटलेल्या तळ्याचा काठ मोकळ्या मैदानासारखा दिसतो, परंतु दवबिंदू, गेंद आणि झायरिस नेमके त्याच काठावर असतात. एका संध्याकाळी उठलेल्या चाकोऱ्या पुढे वर्षानुवर्षे पाण्याची दिशा बदलतात. तुमच्यासारखी शिस्तीने जाणारी मंडळी त्यांना टोकू शकतात, आमचे ते ऐकत नाहीत.

याच कारणासाठी एक विनंती सर्वांना. ऑर्किड आणि कर्ली ग्रास फर्नची छायाचित्रे जरूर टाका, परंतु नेमके ठिकाण लिहू नका आणि छायाचित्रातील स्थाननोंद काढून टाका. झाडे खणून नेणारे लोकही असे धागे वाचतात. वेब्स मिलचे नाव मी दिले कारण ती जागा सर्वज्ञात आहे आणि तिथे पायवाट आहे.

दोन_पोरांची_आई

सर्वांचे आभार. जून हुकला तर शाळा सुरू झाल्यावर जाण्यात अर्थ आहे का?

रानोमाळ

निश्चितच आहे. सप्टेंबर अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये माश्या संपलेल्या असतात, नद्यांवर गर्दी नसते आणि पाइन बॅरन्स जेन्शियन फुलते. त्याचा गडद निळा रंग छायाचित्रात नीट उतरत नाही. ते दलदलीच्या आत नव्हे, तर आगीने किंवा गवत कापल्याने मोकळ्या झालेल्या ओलसर रस्त्यांच्या कडेला येते, त्यामुळे मुलांना चिखलात न उतरवता दाखवता येईल. फक्त गाडी थांबवताना चाके त्या कडेवर जाऊ देऊ नका. सकाळी व्हाइट्सबॉगला क्रॅनबेरीचे वाफे पाहावेत, डबा तिथेच खावा आणि दुपारी बॅट्स्टोला जावे, म्हणजे एका दिवसात दोन्ही होते. गोचिडीची तपासणी मात्र तेव्हाही चुकवू नका, कारण काळ्या पायांच्या मोठ्या गोचिडी शरदातच अधिक फिरतात.